बेचिराख गावाला अठरा जोड्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी विमल खंदारे मॅडमचं नाव घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचा राग येत नाही. "मी तुला नुसतं जमिनीवर बसवलं, त्या बाईनं खुर्चीवर बसवलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. हा लेखही मी मॅडमना विचारूनच लिहितो आहे.

वडील हिंगोली जिल्ह्यात गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि हिंगोलीला एका कंपनीच्या डेपोत मुलाखतीला गेलो. कंपनी बॅटऱ्या आणि सेल बनवते. बॅटरी म्हणजे हातातली, अंधारात रस्ता दाखवणारी. मुलाखत मॅडमनीच घेतली. माझ्या गुणपत्रिकेकडे न बघता त्यांनी विचारलं, "वडलांच्या जीपमध्ये माणसं किती बसतात?"

"नऊ मॅडम. बाजाराच्या दिवशी सोळा."

"आणि पोळ्याला?"

"पोळ्याला रिकामीच असते. बैल सोडून कोण कुठं जाणार?"

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

पुढे पुष्कळ दिवसांनी मला कळलं की त्या तीन उत्तरांत आमचा अख्खा धंदा आला होता.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावणं जरा अवघड आहे. पुढच्या महिन्यांत कुठे किती माल खपेल याचा अंदाज बांधायचा, एवढंच ते काम. अंदाज खरं तर मशीनच बांधतं. मागची विक्री बघून ते प्रत्येक गावाला एक आकडा देतं. गावांचे आकडे मिळून तालुका, तालुके मिळून जिल्हा, जिल्हे मिळून विभाग आणि विभाग मिळून राज्य. घरात मडक्यांची उतरंड असते तशी ही रचना, फक्त उलटी; सगळ्यात मोठं मडकं वर. वरच्या मडक्यात कोणी तांब्याभर ओतलं की ते झिरपत खालच्या प्रत्येक मडक्यात वाटलं जातं. खालच्या एका लोटीत भर घातली तर थेट वरपर्यंत पातळी चढते. बेरीज सगळीकडे जुळली पाहिजे, हा एकच नियम. माल या आकड्यांवरच सुटतो. ज्या गावाचा आकडा शून्य, त्या गावाच्या नावानं सेलची एक जोडीही निघत नाही.

पण मशीनला सगळंच कळत नाही. अधिक मास आला की दिवाळी पुढे जाते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते गेल्या वर्षीच्याच तारखेला माल पाठवायला निघतं. अशा वेळी माणसानं आकडा बदलायचा. याला आम्ही 'हात लावणं' म्हणतो. मॅडमचा दंडक होता, "हात लावायच्या आधी शेजारच्या रकान्यात कारण लिही. कारण सुचत नसेल तर हात खिशात ठेव."

हात लावण्याची खरी परीक्षा माणसांपुढे व्हायची. सेनगावचे आमचे एक जुने विक्रेते होते. त्यांना पन्नास पेट्या लागल्या तर ते शंभर सांगायचे. मॅडम मुकाट्यानं पन्नास लिहायच्या. एकदा मी समोर असताना दोघांची जुंपली.

"मॅडम, तुमी अर्धं करता म्हणून मी दुप्पट सांगून राहिलो. तुमी सरळ चाला, मी बी सरळ चालतो."

"भाऊ, तुम्ही दुप्पट सांगता म्हणून मी अर्धं करते. आधी कोण सरळ चालणार ते ठरवा."

"जाऊ द्या मग. हाय तेच बरंय," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

वरूनही गमती यायच्या. विभागाच्या ऑफिसात कोणाला तरी आकडा फुगलेला हवा असायचा. ते वरच्या मडक्यात ओतायचे आणि खाली ज्या शिवारात माणूस राहत नाही तिथंही दोनचार बॅटऱ्या जायच्या. त्याचं कारण असं की सुरुवातीला कोणी तरी महसुलाची गावांची यादी जशीच्या तशी मशीनमध्ये भरली होती. त्या यादीत बेचिराख गावंही आली. आमच्याकडे हा शब्द तलाठ्याच्या तोंडी रोजचा आहे. गावाला नाव आहे, शिवार आहे, सातबारा आहे, पण वस्ती उठलेली आहे. तिथं चिराग लावायला कोणी उरलं नाही, असं गाव. अशा ओळी मॅडम दर महिन्याला शून्य करायच्या.

एक ओळ मात्र सोडून. मोहटाळा.

मोहटाळा गोरेगावच्या पलीकडच्या माळावरचं बेचिराख गाव. निजामाच्या काळात पटकीची साथ आली आणि उरलेली माणसं आजूबाजूच्या गावांत पांगली. वर्षभर त्या ओळीत शून्य असायचं. फक्त दिवाळीच्या महिन्यात मॅडम स्वतःच्या हातानं तिथं अठरा लिहायच्या. मोठ्या सेलच्या अठरा जोड्या. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द असायचे: 'घरं मोजली.'

मी नवा असताना विचारलं होतं, "मॅडम, तिथं घरं कुठं आहेत?"

"जोती आहेत ना," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण दिवाळी झाली की विक्रीचे आकडे यायचे. त्यात मोहटाळ्यापुढे विक्री अठरा असायची. दर वर्षी. आमच्या धंद्यात कोणाचाच अंदाज एवढा नेमका येत नाही. हिंगोली शहराचा यायचा नाही, आणि माणूस नसलेल्या गावाचा यायचा. ती ओळ समोर आली की मी स्क्रीन पटकन खाली सरकवायचो.

आणखी एक गोष्ट. मॅडमच्या टेबलाला खाली एक खण होता. एकदा दुपारी आभाळ भरून आलं आणि वीज गेली. गोदामात बॅटरी हवी होती. मी खण ओढला तर आत मोठ्या सेलच्या जोड्या, कंपनीच्या वेष्टनात, एकीला एक लावून ठेवलेल्या. काही इतक्या जुन्या की तळाशी पांढरी भुकटी जमलेली. मी एक जोडी उचलली.

"ते नको," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण मी जोडी ठेवून दिली. "ते विकले गेलेत."

विकलेला माल खणात कसा, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

मॅडम निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेल्या. जाताना टेबल मला दिलं आणि म्हणाल्या, "खालचा खण तसाच राहू दे." त्यानंतरही दिवाळीच्या आधी त्या हिंगोलीला येऊन जायच्या. मी मोहटाळ्याला त्यांच्याप्रमाणेच अठरा लिहायचो, त्यांचेच दोन शब्द कारणात टाकायचो.

गेल्या वर्षी विभागाला नवे साहेब आले. माणूस चांगला, कष्टाळू. त्यांनी यादी साफ करायला घेतली, ते योग्यच होतं. आता सगळे मोबाइलच्या उजेडात चालतात, मोठे सेल खपत नाहीत, गोदामात पडून गळतात. स्क्रीनवर बैठक चालू होती. सगळ्या जिल्ह्यांची माणसं समोर चौकटींत बसलेली.

"गजानन, हे मोहटाळा काय आहे? लोकसंख्या शून्य दिसते."

"बेचिराख आहे सर."

"म्हणजे जळून गेलं?"

"नाही सर. म्हणजे तिथं दिवा लावायला कोणी राहत नाही."

"मग सेल कोण घेतं?"

एकही चौकट हसली नाही. साहेबांनी जुने आकडे उघडले. अंदाज अठरा, विक्री अठरा. खाली पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग म्हणाले, "हे एकतर खोटं आहे, नाहीतर मला समजत नाही. महिनाअखेरीला आकडे बंद होतात. त्याआधी पटेल असं कारण लिहा. नाहीतर ही ओळ मी काढून टाकतो."

साहेबांनी 'खोटं' हा शब्द मॅडमच्या आकड्याबद्दल वापरला होता, ते मला लागलं. मी नागपूरला फोन लावला. लेकीनं सांगितलं, आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलंय. मग मॅडम फोनवर आल्या. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तसंच.

"ओळ काढतात? काढू देऊ नको रे गजानन." एवढं म्हणून त्या थांबल्या. मी त्यांना कधी काही मागताना ऐकलं नव्हतं. "आमचं घर होतं तिथं. माझ्या आजीचं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मोहटाळ्याचे लोक तिथं जातात. आपापल्या जोत्यावर उजेड ठेवतात, मग दुसऱ्या दिवशी घरी पहिली पणती लावतात. त्यांची घरं सतरा. आमचं घर गावकुसाबाहेर होतं, भिंतीच्या पलीकडे, लिंबाजवळ. ते त्यांच्या मोजणीत येत नाही. म्हणून मी एक मिळवते."

मी पुढ्यातल्या कागदावर लिहून घेतलं: सतरा आणि एक.

"दर वर्षी मी जायचे. यंदा पाय नाही. तू जाशील? माझ्या नावानं एक जोडी घे. सेल बॅटरीत आधी घालू नको. तिथं गेल्यावर घाल."

"का मॅडम?"

"जा तर खरं."

कारण लिहायचं तर स्वतः बघणं भाग होतं. मी गोरेगावला रफिकभाईंच्या दुकानात गेलो. आमचे विक्रेते मोबाइलवर विक्री नोंदवतात आणि गिऱ्हाइकाचं गाव विचारून लिहितात, कारण एका बाजाराच्या गावात वीस गावची माणसं येतात.

"मोहटाळा तुम्हीच लिहिता का?"

"मीच लिहितो. बराबर लिहितो."

"पण तिथं कोणी राहत नाही रफिकभाई."

"अब मैं क्या करू साहेब? मी विचारतो गाव कोणतं. कोणी ब्राम्हणवाड्यातून आलेला असतो, कोणी पुसेगावहून. एरवी तेच सांगतात. त्या दिवशी सेल घेताना म्हणतात, मोहटाळा. मला बॅटरी विकायची हाये, रेशनकार्ड न्हाई काढायचं."

मोठे सेल त्यांच्याकडे वर्षातून त्या एका ओळीमुळेच यायचे. ओळ गेली तर सेल कुठून मिळणार, हे त्यांनीच मला विचारलं.

त्यांच्याच ओळखीनं मी नामदेवबाबांना भेटलो. मोहटाळ्याच्या सतरा घरांपैकी एकाचे हे वारस. त्यांचा आजा साथीत लहान लेकरू होता. मी विचारलं, पणती काहून नाही लावत?

"माळावर वारा हाये बाबा. पणती टिकत न्हाई. एकदा गवत पेटलं, तवापासून बॅटरी. जोत्यावर उभी करून यायची, तोंड आभाळाकडं."

"मग मोबाइल?"

"तुहा मोबाइल रातभर माळावर एकटा ठेवून येतूस का?" शेजारची माणसं हसली. मग बाबा गंभीर झाले. "आला तर ये. पण उजेड मोजायचे न्हाईत. आमच्यात मोजत न्हाई."

"काहून?"

"न्हाई मोजत."

मी परत येऊन कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'घरं मोजली. सतरा, आणि गावकुसाबाहेरचं एक.' संध्याकाळी साहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "हे गावकूस म्हणजे काय?" साहेब शहरात वाढलेले. मी सांगितलं, गावाभोवतीची भिंत. आत कोण राहायचं, बाहेर कोणाला ठेवायचे, तेही सांगितलं. त्यांनी ते कारण मला पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

"ठीक आहे. या वर्षापुरती ठेवतो. आकडा चुकला तर ओळ बंद."

तेव्हा आता सगळं त्या अठरावर आलं. एक जोडी जरी पडून राहिली तर मॅडमच्या आजीचं घर यादीतून कायमचं जाणार होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी गोरेगावला पोचलो. रफिकभाईंकडच्या सतरा जोड्या विकल्या गेल्या होत्या, एक उरली होती. मी ती मागितली. त्यांनी मोबाइल काढला आणि सवयीनं विचारलं, "गाव?"

मी त्यांना इतक्या वर्षांपासून ओळखतो. माझं गाव त्यांना माहीत आहे. तरी माझ्या तोंडून निघालं, "मोहटाळा."

त्यांनी वर न बघता लिहून घेतलं.

जीपनं फाट्यापर्यंत गेलो, पुढे नामदेवबाबांच्या माणसांबरोबर पायवाटेनं. दिवेलागणीची वेळ होती. सोयाबीन निघालेलं, शिवार मोकळं, तुरी तेवढ्या उभ्या. माळावर चढलो. गवतात दगडांच्या ओळी दिसू लागल्या. माणसं न विचारता वेगवेगळ्या दिशांनी गेली. कोणी उंबऱ्याच्या जागी चपला काढून मग आत पाऊल टाकत होतं. एका बाईनं दार नसलेल्या जागी हलकेच वाकून डोकं आत घातलं, चौकट बुटकी असावी तशी. तिनं ते घर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आजेसासूनंही मोठेपणी पाहिलं नसेल.

एकेक उजेड वर उठला. आताच्या बॅटऱ्यांचा उजेड पांढरा असतो, थंड. वाऱ्यात तो हलत नाही. गवत सगळं हलत होतं आणि उजेड तेवढे ताठ उभे होते, घराच्या आढ्याएवढे. मोजायचं नाही हे ध्यानात होतं, पण आयुष्य ज्यात गेलं ती सवय. सतरा भरले.

मी बॅटरी हातात घेतली, सेल खिशात ठेवले आणि गावकुसाकडे निघालो. भिंत आता कमरेएवढी राहिली आहे. मॅडमनी सांगितलेला लिंब पलीकडे दिसत होता. त्याच्या पानांच्या खालच्या बाजूवर उजेड पडलेला होता.

पिवळा उजेड. तारेच्या बल्बचा असतो तसला. तो बल्ब आमच्या कंपनीनं कधीच बंद केला आहे.

मी भिंतीपाशी उभा राहिलो. जोतं दिसत होतं, त्यावरून तो पिवळा उजेड सरळ वर लिंबात गेला होता. जवळ कोणी नव्हतं. गवत आडवं झालेलं नव्हतं, कोणी चालून गेल्याची वाट नव्हती. आमच्या धंद्यात अशा वेळी कारण शोधतात. मीही शोधलं: कोणी तरी आधी येऊन गेलं असेल, सेल दुसऱ्या दुकानातून घेतले असतील, घरात जुनी बॅटरी असेल. तिन्ही कारणं रकान्यात शोभण्यासारखी होती. माझे पाय मात्र भिंतीच्या आत राहिले. तिथं बॅटरी नव्हती असं मी म्हणणार नाही, कारण मी तेवढा जवळ गेलोच नाही. एवढंच सांगतो, की त्या उजेडाची मला भीती वाटली नाही. मी तिथं आगंतुक आहे, असं वाटलं. कोणाच्या घरात जेवणं चालू असताना आपण दारात जाऊन उभे राहावं, तसं.

परत आलो तेव्हा नामदेवबाबा पायवाटेवर थांबले होते.

"लावला?"

"लागलेला होता बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काठीनं एक दगड बाजूला सारला.

"तिकडचा आमच्या आधीच लागलेला ऱ्हातो," ते म्हणाले. "माझ्या आज्यापासून. आमची सतरा, अन् मोजले की एक जास्त. मग आमच्या लोकायनं मोजणंच सोडलं."

आम्ही खाली उतरलो.

दिवाळीनंतर आकडे आले. मोहटाळा: अंदाज अठरा, विक्री अठरा. साहेबांनी ती ओळ कायम ठेवली आणि बैठकीत माझं कौतुक केलं. चूक शून्य, असं म्हणाले. मी मान खाली घालून बसलो. ज्या अठरा जोड्या विकल्या गेल्या त्यांतली एक माझ्या शर्टाच्या खिशात होती. आणि माळावर उजेड अठरा होते.

त्याच दिवशी मी मॅडमना पत्र लिहिलं. फोनवर बोलता आलं नसतं. ते पत्र जसंच्या तसं देतो.

आदरणीय मॅडम,

सादर जयभीम.

पाय कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं सोडू नका. आईनं तुमच्यासाठी करंज्या पाठवल्या आहेत, लेकीला सांगा डबा परत पाठवायची घाई नाही.

ओळ राहिली. साहेबांनी कायमची ठेवली आहे, आणि कारण माझ्या शब्दांत तसंच ठेवलं आहे, गावकुसाबाहेरच्या घरासकट. आता आपण दोघं नसलो तरी ते मशीनमध्ये राहील.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गेलो. सेल आधी घातले नाहीत. तुम्ही तसं का सांगितलंत ते भिंतीपाशी गेल्यावर कळलं. मी भिंतीपलीकडे गेलो नाही. तुमच्या आजीच्या घरी उजेड आहे. चांगला आहे, लिंबाच्या शेंड्यापर्यंत जातो. कोणाची वाट बघत असल्यासारखा मला वाटला नाही. तरी तुम्ही दर वर्षी का जात होता, तेही समजलं. त्यांनी मोजलं नाही म्हणून आपण मोजायला जायचं, उजेड आपण लावायचा असो वा नसो.

आत्ताच तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडला. तुम्ही तसाच ठेवायला सांगितला होता, म्हणून आधी क्षमा मागतो. आतल्या जोड्या मी मोजल्या नाहीत. माझी जोडी त्यांच्या शेजारी ठेवली आणि खण लावून घेतला.

पुढच्या वर्षीही अठराच लिहितो.

आपला,
गजानन